हवेची वाट

माझ्दाच्या मियाटा या छोट्या गाडीच्या रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची असते. नवी असते तेव्हा काळी कुळकुळीत. मग वर्षानुवर्षं तापलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणाचा, दाब सोसता सोसता तिचा रंग उतरायला लागतो: आधी किंचित हिरवट झाक, मग शेवाळी, आणि शेवटी सरळ तपकिरी. जुन्या मियाटा सांभाळणारी माणसं बॉनेट उघडलं की आधी हा रंग बघतात. तपकिरी टाकी म्हणजे प्लॅस्टिक ठिसूळ झालं. आता एखाद्या चढावर तिला चीर जाणार आणि आतलं सहा लिटर कूलंट काही मिनिटांत रस्त्यावर येणार. त्यानंतरही इंजिन चालू राहिलं तर सिलेंडर हेड वाकतं. हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. दोघांचं तापून फुगणं सारखं नसतं आणि दोघांमधली फट बंद करणारं गॅसकेट ते भांडण फार वेळ सहन करत नाही.

माझी मियाटा १९९६ ची. टाकी शेवाळी होऊन पुढच्या रंगाकडे निघाली होती, तेव्हा रेडिएटर बदलायचं ठरवलं. कंपनीसारखाच प्लॅस्टिक टाकीचा घ्यायचा की सगळा ॲल्युमिनियमचा, हा प्रश्न फार वेळ पडला नाही. आम्ही सॅन डिएगोत राहतो. समुद्राकाठी हवा सौम्य असते, पण पूर्वेला दीड-दोन तास गेलं की इम्पीरियल खोरं लागतं आणि तिथे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश म्हणजे काही बातमी नव्हे. त्यात ही गाडी मी अधूनमधून चकवाला व्हॅलीच्या रेसट्रॅकवर नेतो, डेझर्ट सेंटर या नावाच्या गावाजवळ. नावातच वाळवंट आहे. रेडिएटर बाहेर निघाला की गाडीच्या नाकामागची सगळी जागा हाताला मोकळी मिळते, म्हणून इंजिनात हवा नेणाऱ्या डब्याचं आणि नळीचं कामही त्याच वेळी करून घ्यायचं ठरवलं.

या गाडीची जन्मकथा मला फार आवडते. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकारानं माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना सांगितलं की जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी छोटी, हलकी, उघड्या टपाची दोन सीटची गाडी आता कुणीच बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल स्वतः माझ्दात आले, इथल्याच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या डिझाइन मंडळींनी तिचं रूप घडवलं आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या झाल्या. माझ्या गाडीचं इंजिन १८३९ सीसी, ताकद १३३ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या जरा वर. आजच्या मापानं ही ताकद काहीच नाही. पण ती वापरायला मिळते, सगळीच्या सगळी, आणि म्हणूनच तिच्या उष्णतेची काळजी घ्यावी लागते.

इंजिनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बाकी सगळं तिच्यावर टेकलेलं आहे. हे इंजिन मुळात ३२३ या माझ्दाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या घरगुती गाडीच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसतं. पाणी एका टोकाला पंपातून आत येतं, चारही सिलेंडरांना भिजवत जातं आणि दुसऱ्या टोकाला हेडमधून बाहेर पडतं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावर उघडणारी झडप, त्या दुसऱ्या टोकालाच. मियाटासाठी तेच इंजिन गाडीच्या लांबीत उभं फिरवलं, तेव्हा हे दुसरं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीला, जाऊन भिडलं. तिथून होज पाईप वळवून पुढे आणायला जागा नव्हती. मग थर्मोस्टॅट पुढे आणला. म्हणजे पाणी आत शिरतं पुढून आणि बाहेर निघतंही पुढूनच. मागच्या बाजूला केबिनच्या हीटरकडे जाणारा बारीक पाईप तेवढा उरला. पाणी आळशी असतं, जवळची वाट मिळाली की लांबची धरत नाही. त्यामुळे पहिल्या सिलेंडरच्या वाट्याला भरपूर पाणी येतं आणि फायरवॉलला टेकलेल्या चौथ्याच्या वाट्याला कमी. रोजच्या रस्त्यावर हे जाणवतही नाही. ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, वीस मिनिटं काढली की चौथा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा गरम चालतो, आणि डॅशबोर्डवरचा काटा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता उष्णता किती, ते पाहा. पेट्रोलच्या ऊर्जेचे ढोबळ तीन वाटे पडतात: एक चाकांकडे जातो, एक सायलेन्सरमधून धुरासोबत उडून जातो आणि एक इंजिनाच्या धातूतून पाण्यात उतरतो. पूर्ण ताकदीनं पळणाऱ्या माझ्या गाडीत हा तिसरा वाटा सत्तर किलोवॉटच्या आसपास भरतो. आपल्या न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. पस्तीस गिझर एकाच वेळी चालू ठेवले तर जेवढी उष्णता होईल तेवढी, सुटकेसएवढ्या एका जाळीतून, म्हणजे रेडिएटरमधून, वाहत्या हवेत सोडून द्यायची. हे काम पाणी करत नाही. पाणी फक्त उष्णता इंजिनापासून जाळीपर्यंत वाहून आणतं. शेवटी गाडी थंड ठेवते ती हवा. हे एकदा नीट मनात बसलं की बाजारात काय विकत घ्यायचं आणि काय नाही, याचा निम्मा निकाल लागतो.

बाजारात विकली जाते ती जाडी. मियाटासाठी सदतीस मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीचे ॲल्युमिनियम रेडिएटर मिळतात, आणि पन्नासच्या वरचेही. जाड ते चांगलं असं कुणालाही वाटेल. पण जाळी दुप्पट जाड केली म्हणून दुप्पट उष्णता जात नाही, कारण मागच्या नळ्यांपर्यंत पोचणारी हवा पुढच्या नळ्यांनी आधीच तापवलेली असते. शिवाय जाड जाळीतून हवा ढकलायला जोर जास्त लागतो. महामार्गावर तो जोर वेग पुरवतो, सिग्नलला उभं असताना मात्र बिचाऱ्या पंख्याला पुरवावा लागतो. आणि जाड रेडिएटरच्या मागे पंखे बसवायला जागाही उरत नाही. मी मधला घेतला. टर्बो नसलेल्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्याहून जाड लागत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि हे मत मी कुणालाही ऐकवतो.

काम सुरू झालं शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. लेक मदतीला होती. ती सोळा वर्षांची आहे, गिअरची गाडी याच मियाटावर शिकली, आणि पाने-पकडी तिला आवडतात. आधी इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं (त्याच्याबद्दल पुढे बोलणार आहे), मग रेडिएटरच्या बुडाची चावी सोडून कूलंट भांड्यात उतरवलं आणि भांडं लगेच झाकलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोड्या मात्रेतही जीवघेणं ठरतं. ते उघड्यावर ठेवू नये आणि गटारात ओतू तर नयेच. वरचा आणि खालचा होज पाईप, पंख्यांचे दोन प्लग, वरच्या पट्ट्यांचे बोल्ट, एवढं सुटलं की रेडिएटर सरळ वर उचलून येतो. खाली तो दोन रबरी बुशांवर नुसता टेकलेला असतो. ती रबरं फेकायची नाहीत. ॲल्युमिनियमला थरथर सोसत नाही, त्याचे सांधे त्या रबरांच्या जिवावर टिकतात.

नवा रेडिएटर आत सोडताना त्याच्या मागे-पुढे पुठ्ठा बांधून ठेवला. पत्र्याच्या त्या झालरी इतक्या नाजूक असतात की पान्याचं टोक लागलं तरी रांगेच्या रांगा आडव्या होतात, आणि आडवी झालेली प्रत्येक रांग म्हणजे हवेसाठी बंद झालेलं एक दार. पंखे जुन्यावरून काढून नव्यावर चढवले. ॲल्युमिनियमच्या आट्यांत बोल्ट आधी बोटांनी फिरवून घ्यायचा, मग पाना लावायचा, आणि घट्ट झाला की थांबायचं.

इथपर्यंतचं काम दुपारच्या जेवणाआधी झालं. खरं काम त्यानंतरचं होतं.

गाडीच्या तोंडातून आत आलेल्या हवेला रेडिएटरमधून जायची हौस नसते. समोर दाट जाळी आणि बाजूला दोन बोटांची फट असेल तर ती फटीतून जाते. जुन्या गाडीत अशा फटी सगळीकडे असतात: रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना, वर बॉनेटच्या कुलपापाशी, खाली बंपरच्या ओठामागे. कितीही महागडा रेडिएटर बसवला तरी आत आलेल्या हवेचा मोठा हिस्सा त्याला न भेटताच निघून जातो. आम्ही पाणी न शोषणारा काळा फोम आणला, पुठ्ठ्याचे नमुने कापून प्रत्येक फटीचं माप घेतलं आणि मोठ्या फटींना पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, लहानांना फोम असं करत तोंडापासून जाळीपर्यंत एक बंदिस्त बोळ तयार केला. लेकीनं अंधारात विजेरी आत धरायची युक्ती काढली. मी दुसऱ्या बाजूनं बघायचं, जिथून उजेड झिरपेल तिथे खडूची खूण करायची.

"बाबा, हे कंपनीनंच का नाही केलं?" तिनं विचारलं.

"केलं होतं की. ते बघ, तो काळा भुगा दिसतोय ना, तो त्यांचाच फोम आहे."

"मग लोक नवा फोम लावायचा सोडून नवा रेडिएटर का घेतात?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. फोम खोक्यातून येत नाही. त्याच्यावर कुणाचं नाव नसतं, तो बसवल्यावर बॉनेट उघडून कुणाला दाखवता येत नाही. तो प्रत्येक गाडीच्या मापानं हातानं कापावा लागतो, आणि त्याचा परिणाम मात्र पहिल्याच चढावर दिसतो. चकाकत्या ॲल्युमिनियमपेक्षा मला त्या फोमचा जास्त अभिमान आहे.

आता ते खालचं आवरण. तेल बदलताना दर वेळी काढावं लागतं म्हणून पुष्कळ लोक ते काढून कायमचं कोपऱ्यात टाकतात. त्यांना वाटतं, ते नुसतं चिखल अडवायला आहे, आणि काढलं तर उलट इंजिनाला मोकळी हवाच मिळेल. घडतं नेमकं वेगळं. रेडिएटरमधून हवा वाहायची तर पुढे दाब जास्त आणि मागे कमी हवा. खालचं आवरण असलं की गाडीखालून सुसाट जाणारा वारा इंजिनाच्या खोलीत वर चढत नाही, तिथला दाब कमी राहतो आणि रेडिएटरमागची तापलेली हवा ओढली जाते. आवरण काढलं की खालून वारा आत घुसतो, मागचा दाब वाढतो आणि जाळीतून येणारी हवा मंदावते. म्हणून शहरात नीट चालणारी गाडी महामार्गावर तापते आणि मालक बुचकळ्यात पडतो. तसंच बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते उचलून ठेवण्याचं. काचेच्या पायथ्याशी पळत्या गाडीत दाब जास्त असतो. त्या फटीतून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची आत येते. तापलेली हवा वर सोडायची असेल तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे झरोके पाडावेत. तिथे दाब कमी असतो. मी अजून पाडलेले नाहीत, या गाडीचं बॉनेट कापायला माझा हात धजत नाही.

हवेला वाट करून देण्याचं हे शास्त्र मोटारींपेक्षा विमानांत आधी पिकलं. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं की रेडिएटर उघड्यावर न टांगता बोळात बसवावा, बोळाचं तोंड लहान ठेवावं, आत तो रुंद करत न्यावा म्हणजे हवेचा वेग मंदावून दाब वाढेल, आणि मागे पुन्हा निमुळता करावा म्हणजे तापून फुगलेली हवा जोरानं मागे फेकली जाईल. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली जो फुगवटा दिसतो, तो हा बोळ. त्यातून प्रत्यक्ष किती धक्का मिळत होता यावर जाणकार अजून वाद घालतात, पण रेडिएटरचा अडथळा त्यानं पुष्कळ कमी केला यावर दुमत नाही. म्हणजे छोटं तोंड असणं हा काही मियाटाचा दोष नाही. तोंड ते जाळी ही वाट गळकी नसली की झालं.

पाणी भरताना घाई करू नये. पुढची चाकं उंचावर चढवून रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर येईल असं केलं, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवला, कारण मागचं ते उपेक्षित टोक हीटरच्याच वाटेवर आहे आणि हवेचे बुडबुडे तिथेच दबा धरून बसतात. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, वरचा होज हातानं दाबत दाबत बुडबुडे निघायची वाट बघितली. डिस्टिल्ड पाणीच वापरावं. नळाच्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियमला आतून खातात. ग्लायकॉल मी निम्म्यापेक्षा कमी ठेवतो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे पस्तीसच्याही खाली टिकतं, त्याची सॅन डिएगोत गरज नाही, आणि नुसतं पाणी त्या मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं. पण गंज अडवणारी रसायनं हवीतच, नुसत्या पाण्यावर गाडी ठेवता येत नाही. झाकणही नवं घेतलं. ते साधं दिसतं, पण आत वातावरणापेक्षा जवळजवळ एका वातावरणाचा जादा दाब तेच धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी एकशे वीस अंशांच्या आसपास उकळतं.

मग गाडी घाटावर नेली. इंटरस्टेट ८ हा महामार्ग समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या एल सेंट्रोकडून पश्चिमेला येतो, ओकोटिओ सोडलं की लालसर दगडांच्या राशींमधून चढायला लागतो आणि इन-को-पाच्या माथ्यापर्यंत सुमारे नऊशे मीटरची उंची गाठतो. पायथ्याशी पाटी असते की गाडी तापू नये म्हणून पुढचे दहा मैल एसी बंद ठेवा. कडेला ठरावीक अंतरावर रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या दिसतात. एसी बंद का, तर एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते. ती आपली उष्णता हवेत सोडते आणि तीच तापलेली हवा रेडिएटरच्या वाट्याला येते. वर कॉम्प्रेसरचं ओझं इंजिनावर.

त्या टाक्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला बोरघाट आठवला होता. द्रुतगती मार्ग व्हायच्या आधीच्या काळात आम्ही मामाच्या प्रीमियर पद्मिनीतून मुंबईहून पुण्याला जायचो. मे महिन्यात घाटात जागोजागी बॉनेट उघडून उभ्या फियाट दिसत. शिंग्रोबाच्या देवळापाशी मामा गाडी थांबवायचा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला नाणं वाहायचं, आणि तेवढ्यात इंजिनालाही दम खायला मिळायचा. "झाकणाला हात लावायचा नाही, आधी गाडीला निवू दे," असं तो दर वेळी सांगायचा. मग ओलं फडकं घेऊन, तोंड बाजूला करून, झाकण अर्धंच फिरवायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबला की उघडायचं. आज मी लेकीला तेच, त्याच शब्दांत सांगतो.

१९९६ पासून अमेरिकेतल्या गाड्यांना दुरुस्तीसाठी संगणकाचं एकसारखं सॉकेट असतं. त्यात छोटं यंत्र खोचलं की पाण्याचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान फोनवर दिसतं. डॅशबोर्डच्या काट्यावर मी विसंबत नाही, बहुतेक गाड्यांचे काटे मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाहीत. जुन्या रेडिएटरवर याच चढाला, अशाच उन्हात आकडा शंभर ओलांडून चढतच राहायचा. आता तो पंच्याण्णवच्या आसपास येऊन स्थिर झाला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला. सपाटीवर मात्र आकडा पूर्वीसारखाच, नव्वदच्या आगेमागे. तसंच व्हायला हवं. थर्मोस्टॅट ८८ अंशांच्या आसपास उघडतो, इंजिनाला तेवढी ऊब लागतेच. मोठा रेडिएटर गाडी जास्त थंड करत नाही, गरज पडेल तेव्हा हाताशी शिल्लक ठेवतो.

मंडळाच्या गणपतीत एका मित्रानं विचारलं, "एवढा खर्च करून हॉर्सपॉवर किती वाढली?" रेडिएटरनं एकही नाही. आता वळू या हवेच्या नळीकडे, जिथे लोक हॉर्सपॉवर शोधायला जातात.

मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांना हे इंजिन सेकंदाला नव्वद ते शंभर लिटर हवा ओढतं. हवा जितकी थंड तितकी दाट, आणि दाट हवेतच ऑक्सिजन जास्त. वीस अंशांच्या हवेऐवजी पन्नास अंशांची हवा आत गेली तर तिचं वस्तुमान नऊ टक्क्यांनी घटतं. नऊ टक्के म्हणजे माझ्या गाडीत दहा-बारा हॉर्सपॉवर. कंपनीचा डबा काढून नुसता शंकूसारखा उघडा फिल्टर लावणारे हे विसरतात. या गाडीत फिल्टर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. उघडा फिल्टर त्या तापल्या मॅनिफोल्डच्या शेजारी बसून रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. आवाज दणदणीत येतो, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. आवाज मलाही आवडतो. पण फोनवरचा आकडा खोटं बोलत नाही.

म्हणून मी घेतलेल्या किटमध्ये फिल्टरभोवती पत्र्याची भिंत आहे, तिच्या वरच्या कडेला रबर आहे आणि बॉनेट बंद झालं की ते रबर बॉनेटला चिकटून एक बंद खोली होते. त्या खोलीला हवा नाकातून मिळते, पण रेडिएटरसाठी बांधलेल्या बोळातून नव्हे. शेजारून वेगळी वाट काढून दिली. दोघांनी एकाच तोंडचा घास पळवायचा नाही. नळी ॲल्युमिनियमची की प्लॅस्टिकची यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. पूर्ण थ्रॉटलमध्ये हवा त्या नळीतून सेकंदाला तीस मीटरच्या आसपास वेगानं जाते, म्हणजे तिचा नळीतला मुक्काम डोळ्याची पापणी लवण्याहून कमी. तेवढ्यात ती तापून तापणार किती? हवा घेतली कुठून, हेच महत्त्वाचं. सिग्नलला उभं असताना नळी नक्की तापते, पण तेव्हा ताकद हवीय कुणाला?

आणखी एक काळजी. तेल लावलेले कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, पण तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापल्या तारेवर जाऊन बसतं आणि मोजमाप बिघडतं. या इंजिनात तशीच तार आहे. मी कोरडा फिल्टर लावला.

कॅलिफोर्नियात कायद्याचाही भाग आहे. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बाहेरचा भाग लावायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मंजुरीचा, क्रमांक हवा, आणि त्याचं लेबल बॉनेटखाली दिसेल असं चिकटवलेलं हवं. दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते. माझ्या गाडीच्या वयाच्या गाड्या इथे रोलरवर चढवून तपासतात, आणि क्रमांक नसलेला भाग दिसला तर धूर कितीही स्वच्छ असला तरी नापास. काही मित्र यावर चिडतात. मी चिडत नाही. लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात एके काळी धुरक्यानं डोळे चुरचुरत आणि जवळचे डोंगर दिसेनासे होत. ते धुरकं ज्या नियमांनी विरळ झालं त्यांतलाच हा एक आहे. माझा छंद दुसऱ्याच्या फुप्फुसांवर चालावा असं मला वाटत नाही, आणि क्रमांक असलेला किट घेऊनही छंद छान चालतो.

त्या मित्राला मग मी सांगितलं, की कदाचित चार-पाच हॉर्सपॉवर, तेही वरच्या फेऱ्यांना. पूर्वी तापलेल्या दुपारी सिग्नलवरून निघाल्यावर पहिले काही क्षण गाडी मरगळलेली असायची, आता ती लगेच सावरते. आत जाणाऱ्या हवेचा आकडा धावत्या गाडीत बाहेरच्या हवेपेक्षा पाच-सात अंशच वर राहतो.

मागच्या टोकाचं काम अजून बाकी आहे. थर्मोस्टॅट पुन्हा त्याच्या मूळ जागी, हेडच्या मागे न्यायचा आणि तिथून होज इंजिनाच्या कडेनं पुढे रेडिएटरला आणायचा, म्हणजे पाण्याला चारही सिलेंडर पार करूनच बाहेर पडावं लागेल. मियाटावाल्यांनी यासाठी पहिल्या पिढीच्या किया स्पोर्टेजचा पाण्याचा गळा (हेडमधलं पाणी होजकडे वळवणारा तुकडा) शोधून काढला, तो फायरवॉलच्या सांदीत मावतो. त्या इंजिनाची मुळंही माझ्दातच. रस्त्यापुरतं हे काम गरजेचं नाही, ट्रॅकसाठी मला ते हवं आहे. लेकीनं सांदीचं माप घेऊन ठेवलंय. तिचा हात माझ्यापेक्षा बारीक, तिथे तोच जातो. चकवालाचे दिवस हिवाळ्यात असतात, त्याआधी ते बसवायचं. आणि त्याच वेळी हीटरचे दोन्ही होज नवे घालायचे, मागचं सगळं उघडलेलं असताना.